कधी चालते, कधी रुसते : जुन्या पिकअपच्या वायरिंगमधील दोष कसा शोधावा



साफ बंद पडलेली गाडी एक वेळ परवडते. मिस्त्री येतो, मोडलेले सापडते, खर्च होतो आणि विषय संपतो. पण सकाळी सेल्फ न घेणारी आणि दुपारी एका किल्लीत सुरू होणारी, एका खड्ड्यात दिवे घालवून पुढच्या खड्ड्यात परत लावणारी गाडी माणसाचा जीव खाते. त्यातून गॅरेजच्या दारात नेली की ती अगदी गुणी वागते. मग मिस्त्री म्हणतो, "बॅटरी बदलून बघू." बॅटरी झाली की सेल्फ, सेल्फ झाला की अल्टरनेटर. पैसे जातात, खोड तशीच राहते.

आपल्याकडे दहा-पंधरा वर्षे चाललेल्या पिकअप गाड्या पुष्कळ आहेत. बेणे, खत, दुधाचे कॅन, तोडणी कामगारांचे सामान, सारे त्यांच्यावरच चालते. अशा गाड्यांतील अधूनमधून येणारा विजेचा दोष घरच्या घरी कसा शोधावा, ते येथे सांगत आहोत. त्यासाठी साधा मल्टीमीटर, होल्डरला दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा बल्ब आणि एक वही एवढे पुरे.

वहीला हसू नका. सुटा भाग जळला तर तो सहसा आपोआप बरा होत नाही. जे आपोआप बिघडते आणि आपोआप बरे होते, ते बहुतेक वेळा सांध्यातले असते. कुठेतरी धातूला धातू टेकतो आणि सुटतो. तो केव्हा सुटतो हे कळले की कुठे सुटतो हे निम्मे कळते. म्हणून दोष आला की लगेच लिहावे : इंजिन गार होते की तापलेले, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, खड्डा होता का, त्या वेळी कोणते दिवे चालू होते. तीन-चार नोंदी झाल्या की बहुधा मेळ दिसू लागतो. पावसानंतरच येत असेल तर पाणी शिरलेला कनेक्टर किंवा सोललेली वायर शोधावी. इंजिन तापल्यावर येत असेल तर रिले आणि किल्लीच्या स्विचमागचा प्लग पाहावा. प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल तर तिथला सांधा तापतो आहे असे समजावे. स्टिअरिंग वळवताना येत असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याजवळची वायरिंग. आणि ब्रेक दाबला की साइडचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकतो, असा प्रकार असेल तर ती भुताटकी नव्हे. मागच्या दिव्यांची अर्थ सुटलेली आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच करावी. गाडी रात्रभर उभी असता सकाळी दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ दिसावेत. चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. ती कृपा करून बंद करावी. त्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. टर्मिनल काढायचेच तर इंजिन बंद करून, आधी ऋण टोक. हातात कडे किंवा अंगठी नको, आणि बॅटरीजवळ बिडी तर नकोच. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ मिस्त्री वायर चांगली आहे का हे मीटरच्या 'टीं' आवाजावरून ठरवतात. हा पुरावा कच्चा आहे. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर 'टीं' करतो. पण त्या एका तारेतून हेडलाइटचा करंट नीट जात नाही. हिशेब सोपा आहे. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम असला, तर तिथे १ व्होल्ट खाल्ला जातो. साध्या मीटरवर ०.१ ओहम धड कळतही नाही. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड मात्र सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. सेल्फचे तर विचारूच नका. तो २०० अँपिअर ओढत असला, तर ०.०१ ओहमसुद्धा २ व्होल्ट गिळतो.

म्हणून मोजमाप लोड चालू ठेवून करावे. मीटर व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. मीटरवर अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसले तर अर्थच्या वाटेत दोष आहे. मग एकेक टप्पा मोजत जावे : खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चासी, चासी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तिथेच पाना चालवावा. दिव्यांच्या बाबतीत हेच मोजमाप बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत, दिवा चालू ठेवून करावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, हे विसरले जाते. त्याला चासीशी जोडणारी विणलेली पट्टी तुटली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल अशी मिळेल ती वाट धरतो आणि ती केबल तापते. खात्री करायची असेल तर जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋणाला, दुसरे इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारावा. रुसलेली गाडी पटकन उठली, तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष. पट्टी बदलावी, बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी, नट आवळावा आणि मग वरून व्हॅसलीन लावावे.

दुसरी खोड म्हणजे मधूनच फ्यूज उडणे. येथे आमची हात जोडून विनंती आहे की फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नये. फ्यूज हा वायरिंगमधला मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. तो पक्का केला की वितळण्याची पाळी वायरीवर येते, आणि पाचटाच्या फडाजवळ उभी असलेली पेटती गाडी काय करील हे ऊसवाल्याला सांगायला नको.

फ्यूज काढून त्याच्या जागी आपला २१ वॅटचा बल्ब जोडावा. आता शॉर्ट झाले तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. त्या लाइनवरचे दिवे चालू असताना बल्ब मंद जळेल. शॉर्ट होताच भक्क उजळेल. मग वायरिंगचा जुडगा हाताने हलवत मागे मागे जावे. जिथे हात लावल्यावर बल्ब भक्क होतो, ती जागा. बहुधा पत्र्याच्या भोकातले रबर गळून गेलेले असते आणि पत्र्याने वायर कापलेली असते. गाडी गोठ्याजवळ किंवा पेंडीच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल, तर उंदराचा हातही निघतो. नंतर बसवलेला हॉर्न, टेप, जादा दिवे यांचे पिळून चिकटपट्टी मारलेले जोड आधी संशयात धरावेत. पीळ ढिला पडतो, आत हिरवा गंज चढतो. जोड सोल्डर करून किंवा दाबून त्यावर आकुंचन पावणारी नळी चढवावी.

गाडी चार दिवस उभी राहिल्यावरच बॅटरी उतरत असेल तर दोष निराळा. किल्ली काढून, सर्व दारे लावून, बॅटरीच्या ऋण वायरीत मल्टीमीटर अँपिअरवर जोडावा. (या स्थितीत सेल्फ मारू नये, मीटर जाईल.) ५० मिलिअँपिअरपर्यंत चालते. चिकटलेल्या स्विचमुळे ५ वॅटचा एक बल्ब जरी जळत राहिला तरी ०.४ अँपिअर जातो, म्हणजे पाच दिवसांत सुमारे ५० अँपिअर-तास. मग एकेक फ्यूज काढून बघावा. ज्याच्याने आकडा पडला, ती लाइन.

अर्थचा हाच दोष ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांत सर्रास असतो, म्हणून जाता जाता लिहितो. पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांची अर्थ फक्त जोडणीच्या पिनमधून येते. ती पिन हलते, तिच्यावर माती आणि ग्रीस बसते, आणि दोन ट्रॉल्यांमागचा तांबडा दिवा नेमका रात्री गव्हाणीच्या रांगेकडे येताना जातो. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या पोराला अंधारात उसाच्या मोळ्या दिसत नाहीत. गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या दिव्यांना ट्रॅक्टरच्या बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढून घ्यावी. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी. घरच्या बेलची वायर तिथे चालणार नाही.