एलईडी लावल्यावर इंडिकेटर भरभर का लुकलुकतो?

प्रश्न : जुन्या गाडीला मागे एलईडी इंडिकेटर लावले. आता ते भरभर लुकलुकतात. बल्ब खराब निघाले का?

उत्तर : नाही, बल्ब ठीक आहेत. जुना 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एलईडी त्याहून फारच कमी. त्यामुळे फ्लॅशर रिलेला वाटतं, एखादा बल्ब उडालाय, आणि तो तुम्हाला कळावं म्हणून वेग वाढवतो. रिले सुटा असेल तर एलईडीला चालणारा रिले बसवा. माझ्या मते हाच खरा इलाज. कंट्रोल युनिटवाल्या नव्या गाड्यांत 6 ओहमचा, 50 वॉटचा रेझिस्टर बल्बला समांतर जोडतात. तो चटका बसेल इतका तापतो. पत्र्यावरच घट्ट बसवा, प्लास्टिकला किंवा वायरींना टेकू देऊ नका. दिव्याची मागची बाजू वितळून गेलेली मी पाहिली आहे.