हातमोजे सर्वांत शेवटी




अमेरिकेतल्या सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थांच्या हाती असतात. ही संस्था मुलांना शिकवते. शिवाय इमारती सांभाळते, बसगाड्या दुरुस्त करते, रोज शेकडो ताटे धुते, मैदानाचे गवत राखते आणि काही ठिकाणी पोहण्याचा तलावही चालवते. यांतल्या प्रत्येक कामाला रसायने लागतात. म्हणून ज्याच्याकडे रसायन-सुरक्षेचे काम येते त्याने फक्त प्रयोगशाळेवर डोळा ठेवू नये. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला बाटलीत काय आहे ते निदान ठाऊक असते. शाळा सुटल्यावर एकट्याने फरशी पुसणाऱ्या कस्टोडियनचा रसायनांशी संबंध रोजचा, आणि माहिती मात्र त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते. ही उलटी उतरंड सरळ करणे हेच या कामाचे सार आहे.

आधी कायद्याची रचना समजून घ्यावी. कामगारांच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा १९७० चा. तो राबवणाऱ्या ‘ओशा’ या यंत्रणेचा थेट अधिकार खासगी मालकांवर चालतो, राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या नोकरांवर नाही. ज्या राज्याने ओशाच्या मान्यतेने स्वतःची योजना आखली आहे तिथे सरकारी शाळेतल्या कर्मचाऱ्याला हे संरक्षण मिळते. इतरत्र ते त्या राज्याच्या वेगळ्या कायद्यावर अवलंबून राहते. उदाहरणार्थ, न्यू जर्सीची योजना फक्त सार्वजनिक कर्मचाऱ्यांसाठी असून तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. तिथे कामगार खाते आणि आरोग्य खाते मिळून ती चालवतात. कामाच्या जागी कोणती घातक द्रव्ये आहेत हे जाणण्याचा हक्क त्या राज्याने १९८३ च्या कायद्यानेच दिला होता. त्याच वर्षी ओशाने कारखान्यांसाठी धोक्याच्या माहितीचा नियम काढला आणि १९८७ मध्ये तो इतर क्षेत्रांना लावला. मधल्या काळात डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली. त्यानंतर अमेरिकेत १९८६ मध्ये आसपासच्या लोकांनाही साठ्याची माहिती मिळावी आणि आपत्तीची तयारी व्हावी यासाठी केंद्रीय कायदा झाला. या सगळ्या कायद्यांचे सूत्र एकच आहे: ज्याच्या अंगावर धोका येणार त्याला तो आधी कळला पाहिजे.

कामाची सुरुवात मोजणीने करावी. प्रत्येक इमारतीतले प्रत्येक कपाट, सिंकखालची जागा, बॉयलरची खोली, चित्रकलेचा वर्ग, बस दुरुस्तीची शेड आणि माळ्याची खोली उघडून पाहावी. द्रव्याचे नाव, उत्पादक, प्रमाण, जागा आणि खरेदीची तारीख यांची यादी करावी. यादी कार्यालयात बसून खरेदीच्या बिलांवरून केली तर ती अपुरी राहते. शिक्षक घरून आणलेला फवारा टेबलाच्या खणात ठेवतात आणि निवृत्त झालेल्याचा साठा कोणाच्याच नावावर नसतो. हेच जुने साठे अनेकदा सर्वांत घातक निघतात. वाळलेले पिक्रिक ॲसिड धक्क्याने किंवा घर्षणाने फुटू शकते. उघडून ठेवलेल्या ईथरमध्ये काळाच्या ओघात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. अशी बाटली सापडली तर झाकण फिरवू नये, बाटली हलवू नये, खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवावे. पाऱ्याचे तापमापक एकदाचे काढून टाकावेत. टाकाऊ रसायन मोरीत ओतणे किंवा कचऱ्यात टाकणे हा उपाय नव्हे. ते परवानाधारक कंपनीकडेच जावे.

मोजणीनंतर उपाययोजनेचा क्रम ठरवावा. औद्योगिक आरोग्यशास्त्रात तो पाच पायऱ्यांचा मानतात: धोका काढून टाकणे, कमी घातक पर्याय वापरणे, यंत्रणेने धोका अडवणे, कामाची पद्धत बदलणे आणि शेवटी अंगावरची साधने. शाळांमध्ये हा क्रम बहुधा उलटा चालतो. हातमोज्यांची खोकी वाटून झाली की काम झाले असे वाटते. पण हातमोजा फाटतो, चष्मा कपाळावर चढतो. जे रसायन इमारतीत आलेच नाही ते कोणालाच इजा करू शकत नाही. म्हणून सुरक्षेचा खरा निर्णय खरेदीच्या टेबलावर होतो. दहा प्रकारच्या क्लीनरऐवजी तीन घ्यावेत. तीव्र द्रावण हाताने मोजून मिसळण्याऐवजी भिंतीवर बसवलेली, पाणी आपोआप मिसळणारी यंत्रणा लावावी. प्रयोगशाळेसाठी दहा वर्षांचा साठा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये, कारण उरलेला विल्हेवाटीला महाग पडतो. नवे कोणतेही द्रव्य मंजुरीशिवाय आत येऊ नये, आणि देणगी म्हणून आलेलेही त्याला अपवाद नसावे.

साफसफाईच्या द्रव्यांत सर्वांत मोठा धोका मिश्रणाचा. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते संडास साफ करण्याच्या आम्लात पडले तर क्लोरीन वायू निघतो. अमोनियाच्या क्लीनरमध्ये पडले तर क्लोरामाइन निघतात. दोन्ही फुफ्फुसांना जाळतात. जास्त स्वच्छ व्हावे म्हणून दोन द्रव्ये एकत्र करणारा कर्मचारी निष्काळजी नसतो, त्याला कोणी सांगितलेले नसते. ब्लीच आणि ‘क्वाट’ (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची जंतुनाशके रोज श्वासात गेल्याने कामातून दमा जडतो किंवा असलेला बळावतो. म्हणून फवारण्याऐवजी फडक्यावर घेऊन पुसावे. स्वयंपाकघरात भांड्यांच्या यंत्राचा साबण आणि ओव्हनचा क्लीनर तीव्र अल्कली असतात. डोळ्यात उडाले तर आम्लापेक्षाही खोल जखम करतात.

पोहण्याच्या तलावाचे पंपघर हा वेगळा विषय. तिथे हायपोक्लोराइट आणि आम्ल या दोघांचे पंप जवळजवळ असतात. पाण्याचा मुख्य प्रवाह थांबला आणि हे छोटे पंप चालूच राहिले, तर दोन्ही द्रव्ये नळीत एकत्र येतात, आणि प्रवाह पुन्हा सुरू होताच वायू तलावात उसळतो. प्रवाह थांबला की पंप आपोआप बंद होतील अशी जोडणी असलीच पाहिजे, आणि ती चालते का ते तपासले पाहिजे. वेगवेगळ्या जातीच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडरी एकाच भांड्याने मोजू नयेत. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर एकत्र आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो.

बसच्या शेडमध्ये बॅटरीतले सल्फ्युरिक ॲसिड आणि ब्रेक क्लीनर यांकडे लक्ष द्यावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग ओला असताना त्यावर वेल्डिंग केले तर विषारी फॉस्जीन तयार होतो. मैदानावर आणि वर्गात कीटकनाशक शेवटचा उपाय असावा. न्यू जर्सीत २००२ च्या कायद्याने शाळांना एकात्मिक कीडनियंत्रण पद्धत बंधनकारक आहे आणि ‘कमी घातक’ वर्गात न मोडणाऱ्या औषधाच्या वापराची सूचना ७२ तास आधी द्यावी लागते.

प्रयोगशाळेत बाटल्या वर्णक्रमाने लावण्याची सवय मोडावी. इंग्रजी वर्णक्रमाने पोटॅशियम परमँगनेट आणि प्रोपेनॉल शेजारी येतात. म्हणजे आग पेटवणारे आणि पेटणारे एकाच फळीवर. रचना गुणधर्मांच्या गटांनी करावी: ज्वलनशील द्रव अग्निरोधक कपाटात, ऑक्सिडीकारक त्यांच्यापासून दूर, नायट्रिक ॲसिड सेंद्रिय ॲसिडपासून वेगळे. मेथनॉल अत्यंत सावधपणे वापरावे. त्याची वाफ साधारण १२ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते आणि ज्योत उजेडात नीट दिसत नाही. २०१४ मध्ये न्यू यॉर्क आणि डेन्व्हर इथे वर्गातल्या मेथनॉलच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी गंभीर भाजले. त्यानंतर अमेरिकेच्या रसायन सुरक्षा मंडळाने स्पष्ट सांगितले की थोडेसे पुरत असेल तिथे प्रात्यक्षिकात ज्वलनशील द्रव्याची मोठी बाटली वापरू नये. चित्रकलेच्या वर्गात शिशाचे ग्लेझ वर्ज्य करावेत आणि मातीकामाच्या टेबलावर कोरडा झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे, कारण कोरड्या मातीत सिलिका असते.

प्रत्येक बाटलीवर नाव आणि धोका लिहिलेला असावा. २०१२ च्या नियमाने अमेरिकेतली लेबले आंतरराष्ट्रीय पद्धतीची झाली: लाल किनारीचा चौकोन, ‘धोका’ किंवा ‘सावधान’ यांपैकी एक संकेतशब्द आणि पुढची सूचना. मोठ्या डब्यातून छोट्या फवाऱ्यात काढलेले द्रव्य बिननावाचे राहते, तिथेच चूक घडते. ज्याने ओतले त्यानेच त्याच पाळीत संपवायचे असेल तरच लेबलाची सूट मिळते. शाळेत मात्र ही सूट घेऊ नये. प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा माहितीपत्रक १६ भागांचे असते. कर्मचाऱ्याला त्यातले चार भाग झटकन सापडावेत: धोके, प्रथमोपचार, सांडल्यावर काय करावे आणि साठवण. पत्रके संगणकावर ठेवली तरी रात्रपाळीच्या माणसाला पासवर्डवाचून ती उघडता आली पाहिजेत.

शिकवणे हा यादीतला सर्वांत हलक्यात घेतला जाणारा भाग. दरवर्षी एकच ध्वनिचित्रफीत दाखवून सह्या घेतल्या की नोंद होते, पण शिकणे होत नाही. २०१० मध्ये ओशाने स्पष्ट केले की प्रशिक्षण कर्मचाऱ्याला कळेल अशा भाषेत आणि शब्दांत व्हावे. ज्या राज्यात अनेक कस्टोडियनांची घरची भाषा स्पॅनिश आहे तिथे इंग्रजी फीत दाखवून कर्तव्य संपत नाही. शिकवणी त्याच सिंकपाशी, त्याच बाटल्या हातात घेऊन द्यावी आणि शेवटी कर्मचाऱ्याला उलट विचारावे: हे सांडले तर आधी काय? ज्याचे उत्तर चुकेल त्याला दोष न देता पुन्हा समजवावे. नोकरीवर येताच, धोक्याच्या जागी पाठवण्याआधी आणि नवे द्रव्य आले की पुन्हा, असा क्रम ठेवावा.

अपघाताची तयारी आधीच असावी. डोळे धुण्याचा नळ धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता यावा, त्याला १५ मिनिटे सलग कोमट पाणी यावे आणि तो आठवड्यातून एकदा चालवून पाहावा. त्याच्यासमोर खोकी रचलेली दिसली तर तो नळ नसल्यासारखाच. लहान सांडणे कोणी आवरायचे आणि कोणत्या सांडण्यावर खोली रिकामी करून अग्निशमन दलाला बोलवायचे ही रेघ लिहून ठेवावी. विषबाधेसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १-८००-२२२-१२२२ प्रत्येक फोनपाशी लावावा.

इमारत स्वतःही रसायन बाळगते. जुन्या फरशीत आणि पाइपांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकते. १९८६ च्याच एका वेगळ्या केंद्रीय कायद्याने शाळांना त्याची व्यवस्थापन योजना ठेवावी लागते. ॲस्बेस्टॉस असलेल्या शाळेत दर तीन वर्षांनी पुनर्तपासणी आणि दर सहा महिन्यांनी पाहणी होते. १९७९ पूर्वीच्या दिव्यांच्या जुन्या बॅलास्टमध्ये पीसीबी ही विषारी रसायने असू शकतात आणि १९६० च्या दशकापासून बसवलेल्या काही रबरी व्यायामशाळेच्या फरश्यांतून पाऱ्याची वाफ येऊ शकते. भिंतीला भोक पाडण्याआधी देखभालीच्या माणसाने ही योजना पाहावी.

शेवटी नोंद. कर्मचाऱ्याचा कोणत्या द्रव्यांशी संपर्क आला याची नोंद ३० वर्षे जपावी लागते, कारण काही आजार तितक्या वर्षांनी दिसतात. यादी, पत्रके, प्रशिक्षणाच्या तारखा, नळाच्या चाचण्या आणि अपघात हे सगळे एका जागी असावे आणि वर्षातून एकदा यादी पुन्हा कपाटांशी ताडून पाहावी. ताडताना फरक निघाला तर चौकशी खरेदीपासून सुरू करावी, कर्मचाऱ्यापासून नव्हे.