अमेरिकेचा बेत : भूगोलाचा एक धडा

नकाशा वाचता येतो की नाही हे पाहण्यासाठी मी वर्गात एकच प्रश्न घालतो. खानापुरातील एका घरातील दोन वडील माणसे, वय साठीच्या पुढे, आयुष्यात एकदाच अमेरिका पाहण्यास निघाली आहेत. हाताशी एकवीस दिवस आहेत आणि पैसा भविष्यनिर्वाह निधीतला, म्हणजे पुन्हा न मिळणारा आहे. त्यांचा बेत आखून द्या. पहिल्या खेपेस बहुतेक वह्यांत नऊ-दहा शहरांची यादी येते. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ऑरलँडो, लास व्हेगास, लॉस एंजेलिस, सारे काही असते. नसतो तो फक्त भूगोल. बेळगावहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,४५० किलोमीटर आहे. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्को ४,१०० च्या वर आहे. बेळगाव-दिल्ली अंतराच्या जवळजवळ तिप्पट पसरलेला देश तीन आठवड्यांत 'करून टाकणारा' मनुष्य विमानतळ तेवढे पाहून येतो.

आधी पृथ्वीगोल हातात घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी सरळ पश्चिमेला दिसते. गोलावर मात्र दोरा मध्य आशियातून वर चढून सुमारे ६५ उत्तर अक्षांशापर्यंत, ध्रुववृत्ताच्या जवळ जातो आणि मग खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते आणि थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. २०२२ पासून पुष्कळ विमान कंपन्या रशियावरून उडत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष वाट वाकडी होते. पण दोऱ्याचा प्रयोग खोटा ठरत नाही.

या प्रवासाचे आपल्या गावाशी जुने नाते आहे, ते पुष्कळांना ठाऊक नसते. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात होते. प्रथम भाटे वकिलांकडे आणि नंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ते राहिले. अमेरिकेतील सर्वधर्मपरिषदेस जाण्याचा विचार त्यांनी मित्रांपाशी बोलून दाखविला. मित्रांनी वर्गणी काढण्याची तयारी दाखविली, ती स्वामींनी तेव्हा स्वीकारली नाही. मग ते मार्मागोव्याच्या गाडीत बसले. बेळगावहून मार्मागोव्यास जाणाऱ्या गाडीला खानापूर, लोंढा, कॅसलरॉक यांवाचून दुसरी वाट नाही. आपल्या स्टेशनावरून गेलेला हा प्रवासी पुढच्या वर्षी शिकागोस पोहोचला.

त्यांचा प्रवास बेत आखणाऱ्याने बारकाईने अभ्यासावा असा आहे. ३१ मे १८९३ रोजी मुंबई सोडून कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान या वाटेने ते निघाले. १४ जुलैस योकोहामा सोडले, २५ जुलैस व्हँकुव्हरला उतरले आणि तेथून आगगाडीने जुलैअखेर शिकागोस आले. आल्यावर कळले की परिषद ११ सप्टेंबरपर्यंत भरणारच नाही, प्रतिनिधी म्हणून नाव नोंदविण्याची मुदत संपली आहे आणि ओळखपत्रावाचून प्रवेश नाही. शिकागोची महागाई पैसे गिळू लागली, थंडीचे कपडे पुरेसे नव्हते. खर्च कमी म्हणून ते बोस्टनकडे गेले. तिकडे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले व त्यांनी परिचयपत्र दिले. पुन्हा शिकागोस उतरतात तो पत्त्याचा कागद हरवलेला! ती रात्र रेल्वेच्या आवारात रिकाम्या डब्यात काढावी लागली. तारीख, ऋतू, कागदपत्र, पैसा आणि पत्ता या पाच गोष्टी आजही प्रवाशाला अडवतात. स्वामी विवेकानंद त्यांतून निभावले, कारण ते विवेकानंद होते. आपल्या साठीच्या जोडप्याने तो भरवसा धरू नये.

तारखेचेच घ्या. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०४/०७ म्हणजे तेथे ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल. हॉटेलच्या चिठ्ठीवर हे चुकले तर खोली तीन महिने आधी सुटून गेलेली असते. म्हणून महिना नेहमी अक्षरात लिहावा.

नावाचा घोटाळा तर आपल्या सीमाभागाचा खास आहे. मराठी घरात नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव अशी रीत. कन्नड घरात पुष्कळदा गावाचे व वडिलांचे आद्याक्षर पुढे आणि स्वतःचे नाव शेवटी. पारपत्राच्या अर्जात मात्र 'दिलेले नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. एखाद्याने सगळे नाव आडनावाच्या रकान्यात भरले आणि दुसरा रकाना रिकामा ठेवला तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफ.एन.यू.' अशी तीन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ 'पहिले नाव अज्ञात'. मग विमानाचे तिकीट एका नावाने, व्हिसा दुसऱ्या नावाने, अशी फरफट होते. आमच्या कन्नड विभागातील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पारपत्र दुरुस्त करावयाचे तर व्हिसाचा डी.एस.-१६० अर्ज भरण्याच्या आधी करावे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी कधी महिनोन्महिने मिळत नाही, तेव्हा ती हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये. आणखी एक गोष्ट. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते असे नव्हे. किती दिवस राहावयाचे ते उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो.

आता वाट कशी धरावी? याचे उत्तम उत्तर मला एका मराठी बाईंच्या प्रवासात सापडते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. आपल्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तशीच तिकडे तुंगा आणि भद्रा. घराणे कार्कळकडचे, भाषा मराठी व कन्नड दोन्ही अवगत. इंग्लंडहून निघून मार्च १८८६ च्या आरंभी त्या फिलाडेल्फियास उतरल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तो ११ मार्चला झाला. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, तो पावणेतीन वर्षांचा झाला. व्याख्याने देत देत त्या पूर्वेकडून पश्चिमेकडे गेल्या आणि १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परतल्या. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघाले. सरकार, शाळा, धर्मादाय संस्था, व्यापार, स्त्रियांची स्थिती यांना त्यात प्रकरणेच्या प्रकरणे दिली आहेत. निव्वळ 'स्थळे पाहिली' असे प्रवासवर्णन ते नव्हे.

एका किनाऱ्याला उतरायचे आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून निघायचे, ही रमाबाईंची युक्ती आजही सर्वांत शहाणपणाची आहे. विमानाच्या तिकिटातही ती करता येते : मुंबई ते न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई असे एकच तिकीट मागावे. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटांपेक्षा ते बहुधा स्वस्त पडते आणि चार हजार किलोमीटर उलटे येण्याचा खर्च व दिवस वाचतो. मधली शहरे ओळीने घ्यावीत. माझ्या मते एकवीस दिवसांत चार मुक्काम पुरेत : न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन विमान नको. ३६० किलोमीटरसाठी आगगाडीला सुमारे साडेतीन तास लागतात, स्टेशन दोन्हीकडे शहराच्या मध्यावर आहे आणि वाटेत फिलाडेल्फिया लागते. शिकागोहून पुढे 'कॅलिफोर्निया झेफिर' ही गाडी ३,९०० किलोमीटर धावून सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या एमरीव्हिलला नेते. वेळापत्रकाप्रमाणे बावन्न तासांच्या आसपास लागतात. रॉकी आणि सिएरा नेवाडा हे दोन्ही डोंगर दिवसा दिसतात. रूळ बहुतेक मालगाड्यांच्या कंपन्यांचे असल्यामुळे गाडीला उशीर होतो. तेव्हा तिच्या दुसऱ्याच दिवशी परतीचे विमान ठेवणे हा वेडेपणा.

घड्याळाचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. मुंबईहून शुक्रवारी रात्री एकला विमान सुटले. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असते, म्हणजे तेथे शुक्रवारचीच सकाळ, साडेसात! हॉटेलची खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही आणि अंगाची रात्र झालेली असते. म्हणून पहिल्या दिवसाच्या रकान्यात जेवण आणि झोप यांखेरीज काही लिहू नये. उलट परतताना शनिवारी रात्री नऊला सॅन फ्रान्सिस्को सोडले आणि एकूण बावीस तास लागले, तर आपण साडेबारा तास पुढे असल्यामुळे सोमवारी सकाळी साडेसातला मुंबईत उतरतो. रविवार कोठे गेला असे विद्यार्थी विचारतात. जाताना फुकट मिळालेले तास येताना व्याजासह परत करावे लागतात, एवढेच. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, या अंतरात आणखी एक तास मिळवावा.

विमानतळावरील लाउंजविषयी हल्ली फार चौकशी होते. लाउंज म्हणजे आरामकक्ष : बसायला खुर्ची, खायला थोडेफार, कोठे कोठे स्नानाची सोय. ही कल्पना अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 'ॲडमिरल्स क्लब' काढून रूढ केली. आज बँकेच्या कार्डावरही प्रवेश मिळतो, पण बँका खर्चाच्या अटी घालतात आणि त्या बदलत राहतात. निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. मुंबईत चार तास आधी पोहोचलेल्या वयस्क माणसाला लाउंजचा खरा उपयोग आहे. अमेरिकेत मात्र आधी हिशोब करावा. पहिल्या अमेरिकन विमानतळावर पारपत्राची रांग, मग स्वतःचे सामान पट्ट्यावरून उचलून जकातीतून नेणे, पुढच्या विमानासाठी ते पुन्हा देणे आणि पुन्हा सुरक्षा तपासणी, असा सामान्यतः क्रम असतो, आणि लाउंज असतो या सर्वांच्या पलीकडे. मधल्या तीन तासांतून हे वजा केल्यावर लाउंजसाठी काय उरते? पुष्कळदा शून्य. तीन तासांहून कमी अवधीचे पुढचे विमान मी वडील माणसांना कधीच सुचवीत नाही, आणि दोन वेगवेगळी तिकिटे तर मुळीच नाही. पहिले विमान चुकल्यास दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. हाच नियम घरापासून लावावा. पावसाळ्यात चोर्ला घाट आणि सांबऱ्याचे आभाळ या दोहोंच्या भरवशावर त्याच दिवसाचे मुंबईचे विमान ठेवू नये. आदल्या दिवशी मुंबई गाठावी.

प्रकृतीची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस! ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल त्याआधी अकराच दिवस खुला झाला होता. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा राहायला अजून तीन वर्षे होती. वय अठरा. फिलाडेल्फियाची थंडी, परक्या खाण्याची अडचण, अभ्यासाचा ताण यांत प्रकृती ढासळत गेली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आज औषधे आहेत, पण अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल असे असते की एका रात्रीत शेत विकावे लागेल. प्रवासाचा आरोग्यविमा विकत घेताना पुस्तिकेतील बारीक अक्षर वाचावे : आधीपासून असलेल्या मधुमेहाचा, रक्तदाबाचा, हृदयविकाराचा खर्च त्यात धरला आहे की वगळला आहे? वगळला असेल तर स्वस्त विमा हा कागदच. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत, मोठ्या बॅगेत नव्हेत. आणि जानेवारीत शिकागो पाहण्याची हौस सत्तरीच्या माणसाने करू नये. मे किंवा सप्टेंबर बरा.

काय पाहावे? वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनची संग्रहालये विनाशुल्क आहेत. एक दिवस एका संग्रहालयाला द्यावा. शिकागोत ज्या इमारतीत सर्वधर्मपरिषद भरली तीच आज तेथील आर्ट इन्स्टिट्यूट आहे. समोरच्या रस्त्याच्या भागाला विवेकानंदांचे मानद नाव आहे. लास व्हेगास मी वह्यांतून खोडतो, त्यावर मुले रागावतात. असो.

पण एक जागा मी प्रत्येक वहीत घालावयास लावतो. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी नावाचे गाव आहे. आनंदीबाईंना मावशीसारखी माया देणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी त्यांच्या अस्थी तेथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवविल्या; दगडावर आनंदीबाईंचे नाव आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन मार्गाची गाडी सुमारे दोन तासांत पोहोचविते. जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसावे, नदी जवळजवळ सारी वाट त्याच बाजूला असते. स्टेशनाबाहेर टॅक्सी करावी, स्मशानभूमीच्या कार्यालयात कार्पेंटर घराण्याची जागा विचारावी, आणि परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच कागदावर टिपून घ्यावी.