शिशूचे लंगोट : निवड व शुद्धी

सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. तेथील मातांना विकतचे डायपर रोज परवडत नाहीत. जुन्या सुती लुगड्याचे लंगोट मात्र घरचेच असतात. ते कनिष्ठ नव्हेत, हे आपण त्यांना सांगावयास हवे.

कुमाराचे अंथरूण-पांघरूण मृदू, लघू व शुची असावे, मलमूत्राने दूषित झालेले वर्ज्य करावे. दुसरे नसल्यास तेच उत्तम धुऊन, धूपन करून व वाळवून वापरावे, असे चरकाचार्य शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात सांगतात. हाच न्याय लंगोटास लागू होतो. सुश्रुतोक्त अहिपूतनाचे मूळही अस्वच्छतेतच आहे.

म्हणून आम्ही मऊ, सैल सुती लंगोट सुचवितो. ओला होताच बदलावा, साबण निघेपर्यंत खळबळून कडक उन्हात वाळवावा. वरून प्लास्टिक बांधू नये. धूपन शिशूपासून दूर करावे. पुरळ २-३ दिवसांत न शमल्यास शिशूस अवश्य तपासावे.