देवमाशाला दिवस गेले, हे कळतं कसं?

प्रश्न : आमच्या गोठ्यातली म्हैस गाभण आहे की नाही, ते डॉक्टर हात घालून तपासून सांगतात. समुद्रातल्या देवमाशाचं, डॉल्फिनचं कसं कळत असेल? त्यांच्या अंगातही तसेच बदल होतात का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : होतात, आणि म्हशीवरून विचारलंत हे फार बरं झालं. नावात मासा असला तरी देवमासा सस्तन प्राणी आहे. पाणघोडा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक आणि गाई-म्हशीही त्याच्याच भावकीतल्या. गर्भ टिकवणारं संप्रेरकही तेच, प्रोजेस्टेरॉन. डॉल्फिनचं पिल्लू सुमारे 12 महिने पोटात असतं. तेवढा काळ हे संप्रेरक रक्तात चढंच राहतं. व्यायची वेळ आली की ते उतरतं, आणि मादीचं अंगही किंचित गार पडतं. डॉल्फिन पाळणारे लोक म्हणूनच शेवटच्या दिवसांत तिचं तापमान रोज मोजतात. तापमान घसरलं की साधारण दिवसभरात पिल्लू येतं, बहुधा शेपटीकडून.

पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिननेच. मात्र लोंबणारी कास नसते. पोटाखालच्या दोन फटींत सडं लपलेली असतात आणि आई स्नायू आवळून दुधाची धार पिल्लाच्या तोंडात सोडते.

खुल्या समुद्रात रक्त काढणार कसं? देवमासा वर येऊन श्वासाचा फवारा सोडतो, त्याचे थेंब ड्रोनवर बांधलेल्या बशीत झेलतात. त्यात प्रोजेस्टेरॉन सापडतं. शेणातही सापडतं! अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओर्का या मोठ्या डॉल्फिनांचं शेण हुंगून शोधायला होडीच्या नाळेवर शिकवलेला कुत्रा उभा करतात. 2008 ते 2014 या काळात गोळा केलेल्या अशा नमुन्यांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ज्या माद्या गाभण असल्याचं कळलं, त्यांचे तब्बल 69 टक्के गर्भ वाया गेले होते. उपासमारीच्या खुणाही त्याच शेणात होत्या. त्यांचं मुख्य खाणं असलेला चिनूक सामन मासा कमी झाला होता. चारा तुटला की गाभडणारी जनावरं तुम्ही पाहिली असतील, हे त्याहून वेगळं नाही.

आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतही हंपबॅक डॉल्फिन पिल्लांसह फिरतात. तारकर्लीला गेलात आणि आईच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू दिसलं, तर होडीवाल्याला तेवढं इंजिन बंद करायला सांगा.