साप्ताहिक अभ्यास : भार महाराजांवर, काम आपलं

॥ श्रीराम समर्थ ॥



मागच्या रविवारी उपासनेनंतर विषय निघाला. निवृत्ती, मुलीचं लग्न, गाव सोडणं, अशा वेळी महाराजांची इच्छा काय आहे हे ओळखायचं कसं? प्रत्येकीजवळ सांगण्यासारखं काही ना काही होतं. आमचा अनुभवही सांगितला, तो सगळ्यांसाठी लिहावा असं ठरलं.

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. मुलगा-सून हैदराबादला बोलावत होते. इंदूरचं घर 40 वर्षांचं, सासूबाई 84 वर्षांच्या. जावं की राहावं? शेवटी आम्ही दोघांनी महाराजांच्या फोटोपुढे चिठ्ठ्या टाकल्या. 'जा' अशी आली. मन मानेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत टाकल्या. आता 'राहा' आली! हसू आलं आणि लाजही वाटली. आम्हाला मार्गदर्शन नकोच होतं, आमच्या मनासारख्या निर्णयावर महाराजांची सही हवी होती.

मग केंद्रातल्या ज्येष्ठ काकांनी महाराजांचं चरित्र पुन्हा वाचायला सांगितलं. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (1845–1913) गुरूच्या शोधात लहान वयातच घर सोडून निघाले. लग्न झालेलं होतं, तरी ओढ थांबेना. पुष्कळ हिंडल्यावर मराठवाड्यातल्या येहळेगावी श्रीतुकामाई भेटले. त्यांनी कठोर परीक्षा पाहिली, अनुग्रह दिला, आणि आज्ञा काय केली? प्रपंचात राहून रामनामाचा प्रसार कर! जे घर सोडून निघाले, त्याच घराकडे गुरूंनी परत वळवलं. महाराजांनी ते मानलं. आईची सेवा केली, संसार केला, आणि लोकांना नामाला लावलं. आपल्या इंदूरलाही त्यांचा मुक्काम घडला.

यातून आम्हाला एवढं कळलं की गुरू पुढचा सगळा रस्ता दाखवतीलच असं नाही. आज कर्तव्य कुठं आहे, तेवढं दाखवतात. आणि ते पुष्कळदा आपल्या आवडीच्या उलट असतं.

मग आम्ही कर्तव्य कुठं आहे ते बघायला बसलो, तेव्हा ध्यानात आलं की ज्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटत होती, त्या सासूबाईंना कोणी विचारलंच नव्हतं! विचारलं, तर म्हणाल्या, "रामनवमी इथं होऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं ते." तसंच केलं. घर विकलं नाही, भाड्यानं दिलं.

सगळं छान झालं असं मात्र नाही. हैदराबादला येऊन चार महिने झाले. सासूबाई अजून संध्याकाळी विचारतात, "घरी कधी जायचं?" आमच्याजवळ उत्तर नसतं. मग जपमाळ घेऊन त्यांच्याजवळ बसतो. थोड्या वेळानं त्याही नाम घ्यायला लागतात. भार टाकणं म्हणजे दुःख होणार नाही असं नव्हे. दुःखातही आपलं काम आणि नाम सुटू नये, एवढंच.

या आठवड्यात घरी सगळ्यांनी मिळून विचार करावा :

1. देवापुढे आपण विचारायला बसतो की मंजुरी घ्यायला?
2. चालू असलेल्या निर्णयात घरातल्या कोणाला विचारायचं राहिलं आहे का?
3. गाव, घर, वेळापत्रक बदललं तरी न बदलणारी उपासनेची वेळ कोणती? ती आजच ठरवावी, मग ती दहा मिनिटांची का असेना.

आपले अनुभव रविवारच्या उपासनेत अवश्य सांगावेत. लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते आमचं, चांगलं वाटलं ते महाराजांचं.

॥ जानकीजीवन स्मरण जय जय राम ॥