टेबल उघडल्यावर आधी हे बघ

धंतोलीत गल्लोगल्ली रुग्णालयं, आणि तुझी पहिली नोकरी त्यांतल्याच एकाच्या कॉम्प्युटर विभागात, म्हणून सांगून ठेवतो, बेटा. तुला डेटाबेस बघायला डीबीव्हर हे सॉफ्टवेअर देतील. फुकट मिळतं, मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, दोन्ही उघडतं. पण त्यातल्या कामाच्या सोयी मेनूत शोधून सापडत नाहीत, कुणीतरी दाखवाव्या लागतात.

टेबल उघडलं की समोर येतात त्या पहिल्या २०० ओळीच. पुढच्या खाली सरकल्यावर येतात. तेवढ्यावरून साहेबांना पेशंटचा आकडा सांगू नकोस; खालच्या पट्टीत एकूण ओळी मोजायचं बटण आहे, ते दाब. कॉलम फार असतील तर ओळीवर जाऊन टॅब दाबायचा. तीच नोंद उभी मांडली जाते, डावीकडे कॉलमचं नाव, उजवीकडे मजकूर. पुन्हा टॅब दाबला की पहिल्यासारखं.

आता नीट ऐक. करड्या अक्षरांत, चौकोनी कंसात ‘नल’ दिसलं तर तिथे काही भरलेलंच नाही. नुसता कोरा रकाना दिसला तर तिथे रिकामा मजकूर जतन झालाय. डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, पण कॉलम औषधाच्या ॲलर्जीचा असेल तर? एकाला विचारलंच नाही आणि दुसऱ्याला विचारून कोरं सोडलं, असंही असू शकतं. फॉर्म काय जतन करतो ते आधी विचारून घे. आणि ‘पेनिसिलिन नसलेले’ असा फिल्टर लावलास तर नलवाले पेशंट यादीतून गुपचूप गळतात. त्यांच्यासाठी ‘इज नल’ ही अट वेगळी जोडावीच लागते. ‘बरोबर नल’ लिहून एकही ओळ मिळत नाही.

नावं शोधताना पूर्ण आडनाव टाकू नकोस. आपल्याकडे वानखेडेही आहेत आणि वानखडेही. ‘लाइक’ वापर, ‘वानख’पुढे टक्क्याची खूण दे, दोन्ही येतील. बिलांच्या रकमेची बेरीज हवी असेल तर रकाने निवडून कॅल्क पॅनेल उघड. एक्सेलमध्ये न्यायची गरज नाही.

रकान्यात बदल केलास की तो लगेच डेटाबेसात जात नाही, सेव्ह दाबल्यावर जातो. त्याआधी शेजारचं स्क्रिप्टचं बटण दाब. तुझ्या बदलाची एसक्यूएल समोर येते. ‘व्हेअर’पुढे त्याच पेशंटचा नंबर आहे ना, हे वाचल्याशिवाय सेव्ह करायचं नाही.

आणि चालू रुग्णालयाच्या कनेक्शनचा प्रकार सेटिंगमध्ये ‘प्रॉडक्शन’ करून ठेव. लाल रंग दिसतो, म्हणजे सरावाचं कुठलं आणि खरं कुठलं यात गल्लत होत नाही. ऑटो-कमिटही बंद राहतं. कमिट करेपर्यंत रोलबॅक हातात असतो. मात्र कमिट न करता जेवायला उठू नकोस, बदललेल्या ओळी इतरांसाठी अडकून पडतात. उद्या कामाला बसलीस की पहिलं हेच कर.